सील बदललं तरी तेल गळतंच : एअर-कूल्ड बीटल इंजिनाची तीच ती गळती

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी खाली तेलाचा डाग. सील बदललं, डाग बंद. महिनाभर बरं चालतं आणि एक दिवस तोच डाग, त्याच जागी. जुनी एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची, गाडी बाळगणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. माझ्या वाट्याला आलं तेव्हा मी एकच इंजिन दोनदा उतरवलं आणि फ्लायव्हीलमागचं (क्लचकडच्या जड चाकामागचं) सील दोनदा बदललं. दोन्ही वेळा काढलेलं सील हातात घेऊन पाहिलं असतं तर कळलं असतं की त्याला काहीच झालेलं नव्हतं. पण उतरवलेल्या इंजिनाचं जुनं सील कोण पाहत बसतं? काढलं की फेकलं.

पुढे जे लिहितोय ते फोक्सवॅगन बीटलच्या १६०० सीसी इंजिनाबद्दल. इतर एअर-कूल्ड इंजिनांना मापं वेगळी, पण शोधायची रीत तीच.

हे इंजिन गळायला इतक्या जागा का ठेवतं, हे आधी डोक्यात बसवून घ्या. क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं कवच, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, उभी चिरल्यासारखी दोन अर्ध्या भागांत, आणि त्या दोन भागांमध्ये गॅस्केट नाही, नुसता पातळ सीलंटचा हात. सिलिंडर बिडाचे, हेड अॅल्युमिनियमचे, स्टड (केसमध्ये रुतवलेले, नटाने आवळायचे बोल्ट) पोलादाचे. तापल्यावर प्रत्येक धातू आपापल्या मापाने फुगतो. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) केसच्या बाहेरून, आठ पत्र्याच्या नळ्यांतून जातात आणि प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकेक सील. म्हणजे तिथेच सोळा जागा झाल्या. त्यात दोन टॅपेट कव्हरं (व्हॉल्व्हवरची झाकणं), ऑइल कूलरची दोन सीलं, पंपाचं झाकण, खालची जाळी, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, प्रेशर स्विच. पाणी नसल्यामुळे थंड करण्याचं बरंचसं काम तेलावर पडतं, आणि ते तेल किती, तर जेमतेम अडीच लिटर.

तरीही ‘एअर-कूल्ड इंजिन म्हणजे गळणारच’ हे वाक्य मला पटत नाही. नीट बांधलेलं इंजिन कोरडं राहतं. शिवाय गळतीकडे कानाडोळा करणं परवडणारंही नाही. अडीच लिटरांतलं अर्धा लिटर गेलं तर ते पाचवा हिस्सा गेलं. बाहेर आलेलं तेल सिलिंडरच्या पाकळ्यांवर पसरतं, त्यावर धूळ बसते, आणि ज्या पाकळ्यांनी उष्णता हवेला द्यायची त्यांच्यावर गोधडी पांघरली जाते. क्लचवर गेलं तर गाडी उचलताना हादरे देते. हीट एक्स्चेंजरवर गेलं तर हीटर चालू करताच गाडीत जळक्या तेलाचा वास, आणि तापलेल्या सायलेन्सरवर गेलं तर आगीचा धोका.

आधी इंजिन धुवा

मळक्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे चिखलात पावलांचे ठसे शोधणं. डिग्रीझर लावा, ब्रशने घासा, पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. पेट्रोलने धुऊ नका. ज्यांनी तसं केलं आणि काही झालं नाही, त्यांचं नशीब चांगलं होतं एवढंच.

मग गाडी मागून उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टाल्कम पावडर हातावर घेऊन इंजिनाच्या खालच्या अंगाला, पुशरॉडच्या नळ्यांवर, केसच्या सांध्यावर, गिअरबॉक्सच्या तोंडाशी फुंकरीने बसवा. पंख्याच्या तोंडाजवळ उधळू नका. पंखा वरून हवा खाली ढकलतो, त्यामुळे इंजिन सुरू झाल्यावर थोडी उडून जाईल, पण उरते तेवढी पुरते. इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवा, बंद करा आणि टॉर्च घेऊन खाली जा. सायलेन्सरला हात लावू नका.

पांढऱ्या पावडरीत तेलाचा ओघळ काळसर, ओल्या दोऱ्यासारखा दिसतो. त्या दोऱ्याचं खालचं टोक सोडून द्या. बोट न लावता वर वर जात राहा, जिथे पावडर पुन्हा कोरडी होते तिथपर्यंत. सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे उगम. वाकड्या जागी दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा कामी येतो. हे एकदा पाहून भागत नाही. एकदा थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला पाहा, आणि एकदा अर्धा तास गाडी फिरवून आणल्यावर. काही गळत्या फक्त थंडीत दिसतात, काही फक्त तापल्यावर. हा फरक मला उशिरा कळला, त्याचं पुढे सांगतो.

दिशांचा एक घोळ आधीच मिटवून टाकू. इंजिन मागे आहे, पण ‘पुढचं’ म्हणजे गाडीच्या तोंडाकडचं, अर्थात फ्लायव्हीलची बाजू. पुली म्हणजे मागची बाजू. उजवीकडे सिलिंडर १ आणि २, डावीकडे ३ आणि ४. त्यांतले १ आणि ३ पुढचे, फ्लायव्हीलकडचे.

इंजिनाचं की गिअरबॉक्सचं?

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या फटीतून थेंब पडत असेल, तर पाना उचलण्याआधी थेंब बोटावर घ्या आणि वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास असतो आणि ते चिकटसर लागतं. इंजिनाचं तेल वापरून काळपट झालेलं असतं, वास जळकट. गिअर ऑइल निघालं तर दोष गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या सीलचा. इंजिन उतरवावं लागेलच, पण निदान चुकीचं सील तरी बदललं जाणार नाही.

माझी गळती

माझ्या गाडीत थेंब याच फटीतून पडायचा, थोडा डावीकडून. वास इंजिनाच्या तेलाचा. तिथे तेल म्हटलं की जो तो सांगतो, ‘फ्लायव्हीलचं सील गेलं.’ मलाही तसंच वाटलं. चार बोल्ट, केबल, वायरी, पेट्रोलची नळी काढून इंजिन खाली घेतलं, सील बदललं, चढवलं. सहा आठवडे कोरडं. मग थेंब. पुन्हा उतरवलं, या वेळी सीलबरोबर फ्लायव्हीलमधली ओ-रिंगही बदलली. तीन आठवड्यांत थेंब परत.

त्यानंतर मी पावडरीच्या नादी लागलो. ओला दोरा फटीपाशी होता, हे तर माहीतच होतं. पण आरसा धरून वर गेलो तर तो फटीतून बाहेर येतच नव्हता. बाहेरून फटीत जात होता. केसच्या डाव्या खांद्यावरून, तिसऱ्या सिलिंडरच्या मागून, पत्र्याच्या आडोशाने तो खाली उतरत होता. तिथून वर बघितलं तर ऑइल कूलरचा पाया.

क्षणभर पोटात गोळा आला, कारण तिसऱ्या सिलिंडरमागे या केस तडकतात हे जुनंच दुखणं आहे. कूलर जुन्या रचनेत पंख्याच्या खोक्यात, बरोबर तिसऱ्या सिलिंडरच्या डोक्यावर असतो. त्याची गरम हवा खाली येऊन तो सिलिंडर इतरांपेक्षा जास्त भाजतो. १९७१च्या मॉडेलपासून कूलर खोक्याबाहेर स्वतंत्र कप्प्यात नेला गेला. तडा असता तर केसच भंगारात. जागा साफ पुसून पुन्हा पावडर मारली तेव्हा तडा नाही, वरून ओघळ आहे, हे स्पष्ट झालं.

कूलर तीन छोट्या नटांवर बसलेला असतो आणि त्याच्याखाली दोन रबरी सीलं असतात. इथे एक खोच आहे. १९७०च्या सुमारास तेलाच्या वाटा ८ मिलिमीटरवरून १० मिलिमीटर झाल्या. केस जुनी आणि कूलर नंतरचा, किंवा उलट, असं असेल तर दोन्हीकडे वेगळ्या मापाची, पायरीची सीलं लागतात. पन्नास वर्षांत चार मालक झालेल्या इंजिनात कुठला भाग कुठून आला, हे केसवरच्या नंबरावरून कळत नाही. भोक स्वतः मोजा. सील बसवताना तेलाचं बोट फिरवा, कूलर सरळ बसवा आणि नट ७ न्यूटन-मीटरपेक्षा (हे आवळण्याच्या जोराचं माप) जास्त आवळू नका. सील दाबून चपटं झालं की ते सील राहत नाही. सीलंट तर अजिबात नको, त्याचा एखादा तुकडा सुटला तर थेट तेलाच्या वाटेत जातो.

मी मापं बघून योग्य सीलं घातली. चार महिने जमीन कोरडी. माझी छाती जरा फुगलीच. मग एका गार सकाळी इंजिन सुरू केलं, सवयीने खाली वाकून पाहिलं, आणि पहिल्याच मिनिटात डाव्या खांद्यावरून ओघळ उतरताना दिसला. कूलर काढला तर नवं सील एका बाजूने फुगून आपल्या खोबणीतून बाहेर डोकावत होतं. म्हणजे ते झिजलं नव्हतं, कुणीतरी ढकलून बाहेर काढलं होतं.

ढकलणारा प्लंजर

केसच्या पोटाशी, डाव्या बाजूला, पुलीकडच्या टोकाला एक मोठा खाच असलेला प्लग असतो. त्याच्या आत स्प्रिंग, आणि स्प्रिंगवर पेल्यासारखा पोकळ प्लंजर. थंड तेल घट्ट असतं, पंप ते जोरात ढकलतो, दाब चढतो. त्या दाबाने प्लंजर खाली सरकतो आणि तेलाला कूलर टाळून थेट बेअरिंगकडे जाण्याची वाट मिळते. जास्तीचं तेल परत खाली जातं. तेल तापून पातळ झालं की दाब उतरतो, स्प्रिंग प्लंजरला वर ढकलते आणि तेल कूलरमधून फिरू लागतं. प्लंजर वरच अडकून बसला तर थंडीतला सगळा दाब कूलरवर आणि त्या दोन रबरी सीलांवर पडतो. सीलं कितीही नवी असोत, त्यांचं काही चालत नाही. प्लंजर खाली अडकला तर उलटं होतं : तापलेलं तेल कूलरमध्ये जातच नाही, आयडलिंगला तेलाचा दाब उतरतो, ऑइलचा दिवा लुकलुकतो.

प्लग काढायला रुंद पात्याचा, खाचेत घट्ट बसणारा स्क्रू-ड्रायव्हर लागतो. अरुंद घेतला तर खाच खराब होते. खाली भांडं ठेवा. माझ्या इंजिनात प्लग निघाला, स्प्रिंग घरंगळत खाली आली, प्लंजर आला नाही. स्प्रिंगबरोबर तोही आपल्या वजनाने निसटायला हवा. बोटाने हलेना, टोकदार पकडीने येईना. शेवटी १० मिलिमीटरचा टॅप त्याच्या पोकळ पोटात दोन-तीन फेरे हलकेच फिरवला, आट्यांनी पकड घेतली आणि ओढून काढला. त्याच्या अंगावर एका बाजूला लांब उभे ओरखडे होते.

त्या भोकात बारीक पॉलिश पेपर बोटाने गोल फिरवून कडा मऊ केल्या, सगळं धुतलं, नवा प्लंजर टाकला. कोरडा टाकून तो आपोआप खाली घसरतो का, हे दहा वेळा पाहिलं. स्प्रिंगही नवी, प्लगखालची सीलिंग रिंगही नवी. नंतरच्या केसमध्ये असा दुसरा प्लंजर फ्लायव्हीलकडच्या टोकाला असतो. त्याचं काम वेगळं, तो बेअरिंगकडचा दाब सांभाळतो. दोन्ही एकदम काढलेत तर त्यांचे भाग वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, अदलाबदल करू नका.

त्यानंतर त्या खांद्यावरून थेंब आलेला नाही. कूलरचं सील दुसऱ्यांदा गळलं तर तिसरं सील आणण्याआधी हा प्लंजर काढून पाहा, हे मी आता भेटेल त्याला सांगत असतो.

आतला दाब बाहेरची वाट शोधतो

एकाच जागी नाही, इकडे-तिकडे, सगळीकडून थोडं थोडं पाझरत असेल तर सीलांना दोष देऊ नका. पिस्टनच्या रिंगांवरून निसटलेला वायू केसमध्ये साठतो. त्याने तेल भरायच्या नळकांड्यापासून एअर क्लीनरकडे जाणाऱ्या होजमधून बाहेर पडायचं असतं. ही होज जुनी होऊन आतून मऊ पडते, वाकते, चिपकते, किंवा आत पिवळट मलईसारखी साय साचते. मग वायू मिळेल त्या फटीतून तेल घेऊन निघतो.

होज काढा, आरपार फुंकर मारा. त्याच नळकांड्यातून एक बारीक नळी खाली जाते, टोकाला रबरी झडप असलेली. साचलेलं पाणी जाण्यासाठी. ती कडक होऊन मिटली असेल तर बदला. मग इंजिन आयडलिंगला ठेवून तेलाचं झाकण काढा आणि तोंडावर हलकेच तळवा धरा. थोडी धडधड जाणवणारच. पण झाकण टेकवून ठेवलं तर ते उड्या मारत असेल आणि निळसर धूर येत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडर थकलेत. कॉम्प्रेशन तपासा. चार सिलिंडरांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल तर सीलांवर पैसे घालवू नका.

डिपस्टिकही बघा. खुणेच्या वर तेल भरणं हा गळतीचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. आणि मोजायचं ते गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी.

पुशरॉडच्या नळ्या

यांच्या गळतीत हेडखालचा ओघळ नळीच्या अंगावरून येतो आणि बहुतेक वेळा नळीच्या पोटाशी थेंब लटकलेला दिसतो. नळीच्या दोन्ही टोकांना भात्यासारख्या घड्या असतात. हेड बसवताना त्या दाबल्या जातात आणि त्याच ताणाने सीलं दाबून राहतात. म्हणून बसवण्याआधी नळी हलकेच ओढून १९० ते १९१ मिलिमीटर लांब करायची असते (१३०० ते १६०० इंजिनांसाठी). जुनी नळी तशीच परत घातली तर ती आखूडच असते, सील कितीही भारी घ्या. नळीवर पत्र्याचा जोड असतो, तो वरच्या बाजूला ठेवा. ओढताना घडीला चीर पडली तर ती नळी बाद.

हेड न काढता बदलायचं असेल तर दोन भागांच्या, स्प्रिंगच्या किंवा आट्याने लांब होणाऱ्या नळ्या मिळतात. रॉकर शाफ्ट काढा, पुशरॉड ओढून घ्या, जुनी नळी चिरडून बाहेर काढा, नवी घाला. केसच्या भोकाची कड कोरडी आणि स्वच्छ पाहिजे. बरेच जण इथेच घाई करतात. अमेरिकेतल्या शेवरोले कॉर्वेअरची हीच रडकथा होती : नळ्यांच्या टोकांच्या ओ-रिंगा उष्णतेने कडक व्हायच्या. उष्णता सोसणाऱ्या व्हायटनच्या ओ-रिंगा आल्यावर तिथे बराच फरक पडला. बीटलमध्येही काळ्या साध्या रबरापेक्षा सिलिकॉन किंवा व्हायटनची सीलं घ्या.

नव्या नळ्या, नवी सीलं आणि तरी एकाच बाजूच्या चारही नळ्या पुन्हा ओल्या? मग हेडच सैल पडतंय का ते बघा. हेडचे नट थंड इंजिनावर तपासायचे : १० मिलिमीटरच्या स्टडला ३२ न्यूटन-मीटर, नंतरच्या ८ मिलिमीटरच्या स्टडला २५. पाना फिरतोय, फिरतोय, पण घट्टपणा येत नाही, लोण्यात फिरवल्यासारखा वाटतो, अशा वेळी थांबा. स्टड मॅग्नेशियममधून आटे घेऊन वर येतोय. पुढे आवळलात तर पूर्णच उपटेल. यावर इलाज एकच : इंजिन उघडून भोक मोठं करायचं आणि त्यात पोलादी इन्सर्ट बसवायचा. काम मोठं आहे, पण त्याशिवाय नळ्या कोरड्या राहणार नाहीत.

टॅपेट कव्हर, जाळी आणि बाकीची चिल्लर

टॅपेट कव्हर व्हॉल्व्ह सेटिंगच्या वेळी दर वेळी निघतं, आणि बुचाचं गॅस्केट ‘अजून चांगलं आहे’ म्हणून परत जातं. ते चांगलं नसतं, बुचाला एकदा दाबल्याची आठवण राहते. गॅस्केट चिकटवायचं ते कव्हरला, हेडला नाही. हेडच्या बाजूला ग्रीसचा पुसट हात. कव्हरची कड सपाट पट्टीवर टेकवून सपाट आहे का बघा. तारेची कडी सैल झाली असेल तर नवी घ्या. तारेऐवजी बोल्टने आवळायची कव्हरं दिसायला रुबाबदार, पण माझ्या मते मूळ तारेइतका सारखा दाब ती देत नाहीत.

खालच्या जाळीची प्लेट सहा छोट्या नटांवर असते आणि हे नट ७ न्यूटन-मीटरवर थांबवायचे असतात. म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर, दंडाचा नाही. गळतंय म्हणून आणखी आवळलं की प्लेट स्टडभोवती खड्ड्यासारखी वाकते आणि मधून जास्त गळते, मग आणखी आवळतात, शेवटी स्टड निघून येतो. प्लेट काढून सपाट लोखंडावर ठेवा आणि हातोडीने सरळ करा. कागदी गॅस्केट दोन लागतात, जाळीच्या वर एक आणि खाली एक. टोपीच्या नटांखालचे तांब्याचे वॉशरही दर वेळी नवे.

ऑइल प्रेशरचा स्विच डिस्ट्रिब्युटरच्या जवळ असतो. त्याच्या वायरच्या टोकातूनच तेल पाझरत असेल तर तो आतून गेला, बदला. आटे निमुळते असतात; जोर लावला तर मॅग्नेशियम तडकतं. डिस्ट्रिब्युटरखाली एक ओ-रिंग, पेट्रोल पंपाच्या पायाखाली गॅस्केट. दोन्ही किरकोळ, पण इंजिनाच्या माथ्यावर असल्यामुळे इथलं तेल सगळीकडे ओघळतं आणि दहा ठिकाणी गळतंय असा भास होतो. पंपाच्या पायाला जाड गॅस्केट घालून चालत नाही, त्याने पंपाचा दांडा आखूड पडतो. ऑइल पंपाच्या झाकणालाही तसंच : गॅस्केट पातळ कागदाचंच हवं, जाड घातलं तर गिअर आणि झाकण यांत जागा राहते आणि तेलाचा दाब उतरतो.

खरोखरच फ्लायव्हीलचं सील असेल तर

वरचं सगळं कोरडं आणि फटीतूनच तेल, तेव्हा इंजिन उतरवा. पण त्याआधी एक तपासणी : इंजिन बंद ठेवून मागची पुली दोन्ही हातांनी धरा आणि पुढे-मागे ढकला. हाताला खटखट जाणवली तर क्रँकशाफ्ट लांबीच्या दिशेने जास्त हलतोय. हा खेळ ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर हवा, ०.१५ च्या वर गेला तर संपलं. त्याचा खेळ वाढलेला असताना नवं सील घातलं तर फ्लायव्हील ते पुन्हा कुरतडणार. खेळ फ्लायव्हीलमागच्या तीन शिमांनी (पातळ चकत्यांनी) बसवतात, आणि डायल गेजने मोजताना सील काढलेलं असावं.

फ्लायव्हील निघालं की सीलकडे धावू नका. कॅमशाफ्टच्या टोकाचा गोल प्लग बघा, तो ओला असेल तर सीलचा दोष नाही, आणि तो नीट बदलायचा तर केस उघडावी लागते. फ्लायव्हीलच्या गळ्यावर जिथे सील घासतं तिथे नखाला अडेल अशी चर आहे का पाहा. आतली ओ-रिंग बदला. सील वाकडं जाऊ नये म्हणून सपाट लाकूड ठेवून चारही बाजूंनी थोडं थोडं ठोका.

मधला मोठा नट ३४३ न्यूटन-मीटरवर आवळायचा असतो आणि नेहमीचा टॉर्क पाना तिथपर्यंत पोहोचत नाही. हिशेब सोपा आहे : ३६ मिलिमीटरच्या पान्याचा दांडा आडवा धरून मध्यापासून अर्ध्या मीटरवर ७० किलोचा माणूस पूर्ण वजनाने उभा राहिला की तेवढाच टॉर्क होतो. तुमचं वजन वेगळं असेल तर अंतर त्या मानाने बदला.

राहिली पुली. या इंजिनात मागच्या टोकाला मुळात सीलच नाही. क्रँकवर तेल भिरकावणारी एक तबकडी आणि पुलीच्या गळ्यावर कोरलेले आटे, एवढ्यावर काम चालतं. पुली फिरते तशी आट्यांतून तेल परत आत ओढलं जातं. ते आटे काळ्या मळीने भरलेले असतील तर पुली काढून सुईने साफ करा. माझ्या गाडीखाली पुठ्ठा अजून ठेवलेला असतो. आठवड्याला एखादा थेंब पुलीच्या बरोबर खाली पडलेला असतो. त्याच्यासाठी मी अजून पाना काढलेला नाही.